बाटलीवरचं नाव

बाटलीमामांच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचली की ओढा डोळ्यांपुढे उभा राहायचा. ‘शिवथर. म्हशी डुंबतात त्याच्या खाली. पाणी गढूळ.’ आणि शेवटी, न चुकता, बाटली कोणी भरली ते; स्वतः भरली असेल तर नुसतं ‘मी’. महाडच्या आमच्या कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचो, मामा प्रयोगशाळेत शिपाई होते. एखाद्या विद्यार्थ्यानं चिठ्ठी अर्धवट लिहिली की म्हणत, “जो वाकला त्याचं नाव नको काय रे? पानी काय आपनहून चालत आलं?”

त्या पाण्यात आम्ही जिवाणूंना मारणारा विषाणू शोधत होतो. काचेच्या बशीत जिवाणूंचा दुधी थर वाढवायचा. गाळलेल्या पाण्यात विषाणू असेल तर थर विरून डाग पडतो. कितीतरी बश्या कोऱ्या गेल्या. शिवथरच्या पाण्याच्या एकीत ठिपका दिसला, तो मला थेंब पडल्याचा वाटला. मी बशी टाकायला निघालो, तशी मामांनी ती हातातून काढून घेतली.

“सर, ह्यो थेंब नाय. थेंबाची कड पसरते. ह्यो गोल हाय. सकाळी मोहरीएवढा होता.”

“मग सकाळीच का नाही सांगितलंत?”

“तुमी इचारलंत कुठं?”

त्या ठिपक्यातला विषाणू वेगळा केला, पुण्याहून त्याचा जनुकक्रम वाचून आणला. तो कुठल्याच नोंदीशी जुळेना. विषाणू नवा होता! मामांनी स्टाफरूमभर पेढे वाटले. “आपला शिवथरकर,” म्हणायचे, पुतण्या पास झाल्यासारखे.

क्रम जागतिक संग्रहात नोंदवताना एक रकाना येतो: नमुना कोणी गोळा केला? तिथे मी माझं नाव टाकलं. बढतीची मुलाखत तोंडावर होती. मामांना ते कळलं की नाही, मला माहीत नाही. माझा चहा ते पूर्वीसारखाच झाकून ठेवत.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी मामा गेले. पोलादपूरच्या वरच्या वाडीत त्यांच्या तेराव्याला जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी फ्रिजमधली ती मूळ बाटली काढली. चिठ्ठीवर शेवटी लिहिलं होतं, ‘भरली: सर आणि मी.’

बाटली भरली त्या दिवशी ओढ्याचा उतार निसरडा होता. मी गाडीतून उतरलोच नव्हतो.

नोंद दुरुस्त करता येते. माझं नाव खोडलं, मामांचं लिहायला घेतलं आणि हात थांबला. अठरा वर्षं एका खोलीत काम केलेल्या माणसाचं पूर्ण नाव मला ऑफिसात जाऊन जुन्या हजेरीपुस्तकात शोधावं लागलं.