वाऱ्याकडची बाजू

रुपीने फागूला पहिल्यांदा नीट पाहिलं, ते त्याने मूठभर राख हवेत सोडली तेव्हा. लग्न होऊन ती साखरशेतला आली, त्याच उन्हाळ्यात. भाताची रोपं करायच्या जागेवर शेण, फांद्या, पालापाचोळा पसरून जाळतात, तो राब. पाड्यातले सगळे मिळून एकेकाचा राब भाजत. राख जिकडे उडेल त्या टोकाला फागू आग लावी, म्हणजे ती वाऱ्याच्या उलट, हळूहळू सरके. विस्तव त्याच्या हाती दिला की बाकीचे, आग पसरलीच तर झोडपायला, हिरव्या डहाळ्या घेऊन बांधावर निवांत गप्पा मारत.

एका वर्षी जव्हारच्या राजाकडून पाड्याला वेठीचं, फुकट राबायचं बोलावणं आलं. लवकर उरकावं म्हणून फागूने रुपीच्या राबाला वाऱ्याकडूनच आग लावली. ती बांध ओलांडून रुपीच्या गोठ्यात शिरली. आत जोडीतला एक बैल बांधलेला होता.

कुणी फागूला शिव्या दिल्या नाहीत. रुपी रडलीही नाही. तिने राख लोटली आणि नाचणी दळायला बसली. एका बैलावर शेत होईना, म्हणून तिचा नवरा पुंजा खाली लाकूडतोडीला गेला.

पुढच्या उन्हाळ्यात कुणी कुणाच्या राबाला गेलं नाही. नुसता फागूवरचा विश्वास उडाला असता, तर विस्तव दुसऱ्या कुणी घेतला असता. पण जो तो आपलाच बांध राखत बसला. रुपीचा राब वाळून तसाच पडला होता. एकटीने पेटवायचा कसा? आणि नाही पेटवला तर रोपं कुठली?

एका सकाळी फागू डहाळी घेऊन तिच्या नव्या गोठ्याच्या बाजूला उभा दिसला.

"कशाला आलास, दादा?"

"पेटव तू. मी विस्तवाला हात नाय लावणार."

शेजारून लहान्या ओरडला, "रुपे, हाही गोठा जाळायचा काय?"

"गोठा माझा हाय. डहाळी घेतोस तर घे, नायतर तोंड मिटून बस."

लहान्या उठला. मग डहाळी तोडून आला. त्याच्यामागून पाड्यातली कोंडी आली. रुपीने राख उडवून पाहिली, पुन्हा एकदा पाहिली, आणि आग लावली. फागूने बांधावरची नजर काढली नाही. त्याच्याशी कुणी बोललं नाही. शेवटी रुपीने सगळ्यांना पेज दिली, त्यालाही दिली. दुसऱ्या दिवशी सगळे लहान्याच्या राबाला गेले.

आता फागूचे केस पिकलेत. पाड्याचे राब मिळूनच भाजतात. विस्तव रुपीच्या हाती असतो, फागू गोठ्यांच्या बाजूला उभा राहतो. त्याचा स्वतःचा राबही तीच पेटवते.