दोन हलके, एक पक्का

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. एकतर मी जन्मभर रिफायनरीत नोकरी केलेला माणूस, आणि दुसरं म्हणजे माझं घोरणं ऐकून कुठलं भूत थांबणार? तरीही हे लिहितोय...

बडोद्यात गोत्रीला आमचा प्लॉट आहे. त्याच्या एका कडेला माझ्या सासऱ्यांनी – अप्पांनी – लावलेला आंबा. अप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. घर बांधायचं ठरलं तेव्हा इंजिनियर म्हणाला, मोकळ्या बाजूला खाली भरावाची सैल माती निघाली तर घर आंब्याच्या जागी घ्यावं लागेल, झाड काढा. माझी बायको सुलभा त्या दिवसापासून बोलेनाशी झाली. (शांतता बरी वाटली, हे तिला अजून सांगितलेलं नाही.)

शेवटी तिची भाची मुग्धा मशीन घेऊन आली. तिचं कामच ते – जमिनीत ओळीने सेन्सर खोचायचे, टोकाला लोखंडी पाटीवर घण मारायचा, आणि लाटा वरच्या थरांतून किती वेगाने पळतात त्यावरून खालची जमीन घट्ट की भुसभुशीत ते ओळखायचं. तिचा माणूस आला नाही, म्हणून घण मी उचलला. सकाळी सेवउसळ झाली होती, अंगात जोर होता. मोकळ्या टोकाचे घाव होईस्तोवर तो संपला. आता आंब्याच्या टोकाकडून मारायचे होते. मी पाटी आणि घण झाडाखाली टाकले आणि परत येऊन खुर्चीत बसलो.

"फुवा, थांबा ना, मी तयार नाहीये," मुग्धा स्क्रीनकडे बघत म्हणाली. बडोद्याची पोर, आत्याच्या नवऱ्याला फुवाच म्हणणार.

मी हातातली पाण्याची बाटली वर करून दाखवली. घण झाडाखालीच पडला होता. पण स्क्रीनवर आंब्याकडून लाटा येत होत्या – आधी दोन बारीक, मग एक मोठी. जरा थांबून पुन्हा तशाच. मुग्धाने सवयीने बटण दाबून ते रेकॉर्ड करून घेतलं.

सुलभा तिच्या खांद्यावरून बघत होती.

"दोन हलके, एक पक्का," ती हळूच म्हणाली. "अप्पा खिळा असाच ठोकायचे."

खरं होतं. लग्नानंतर मी अर्धवट ठोकलेला प्रत्येक खिळा अप्पांनीच येऊन पुरा केला होता. वर गुजरातीत म्हणायचे, "चालशे, जावईबापू."

मुग्धाने ट्रक, बोअरवेल, शेजारचं बांधकाम... सगळं पाहून घेतलं. रविवार होता, सगळं बंद. मोकळी बाजू चांगली घट्ट निघाली. मुग्धा सांगते, सगळ्यांत स्वच्छ रेकॉर्ड ते आंब्याकडचं. माझे निम्मे घाव तिने 'नॉइज' म्हणून काढून टाकले.

घर झालं, आंबाही राहिला. हे काय होतं ते मुग्धाला सांगता येत नाही, मला तर नाहीच. नव्या घरात अप्पांच्या फोटोसाठी खिळा मारायला घेतला, तो मुद्दाम अर्धाच ठोकून ठेवलाय. सुलभा रोज म्हणते, पुरा करा एकदाचा.

मी म्हणतो, थांब गं जरा...