गादीतला कडबा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. चळवळीतल्या मित्रांना नाही, आईलाही नाही. मी पत्रकं लिहिणारा माणूस. दुसऱ्याचं पाप चार ओळींत मांडतो, खाली उद्गारचिन्ह ठोकतो, मोकळा होतो. स्वतःचं मांडायला बसलो की तीन-तीन कागद फाडतो. हा फाडणार नाही.

दुष्काळाचं साल. नगरच्या बाहेर जनावरांची छावणी पडली होती आणि आम्ही पाच-सहा पोरं कडब्यासाठी मोर्चे काढत होतो. छावणीचा कडबा वाटेत कुठं मुरतो, कुणाच्या खासगी गोठ्यात उतरतो, हे शोधायचो आणि छापायचो. ते सगळं खरं होतं. खरं होतं म्हणूनच लोक माझ्या शब्दावर विश्वास ठेवत होते — हे ध्यानात असू द्या.

आणि त्याच दिवसांत मी एका मोटारीच्या प्रेमात पडलो होतो.

हसा खुशाल. लष्करातल्या कुण्या गोऱ्या साहेबानं मागं टाकलेली, शर्यतीची, दोन सिटांची, बिनटपाची गाडी. साखर कारखान्याच्या एका संचालकानं ती भंगारातून उचलली होती. मुंबईला जुन्या मोटारींची मिरवणूक निघायची, तिथं त्याला ती मिरवायची होती. अट एकच — आतून-बाहेरून जशी होती तशी झाली पाहिजे. आतलं काम रंगनाथभाऊंकडं होतं. स्टेशन रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड. ट्रकची सीटं, टांग्याच्या गाद्या शिवायचे. तोंडाळ माणूस, बढाईखोरही. मला लांबून पाहिलं की ओरडायचे, "या पुढारी! आज कुनाचा मुर्दाबाद?"

मी पहिल्यांदा गेलो तो पेटून, जाब विचारायला. जनावरं मरतायत आणि तुम्ही मोटारीला लाल चामडं चढवताय? भाऊ म्हणाले, "चढवतोय. ते टोक धर." आणि मी टोक धरलं.

मग रोजच धरत गेलो. जुन्या गादीचं पोट उसवलं तेव्हा आतून काळे केस निघाले — घोड्याचे. विलायतेत तेव्हा तसंच भरत म्हणे. निम्मे कुजले होते. भाऊंनी टांगेवाल्यांच्या मागं लागून आयाळीचे, शेपटीचे केस जमवले, आम्ही ते उन्हात घातले, पिंजले, आणि या हातांनी मी ते गादीत भरले. स्टीअरिंगच्या चाकावर दोरी गुंडाळायची होती, शर्यतीत घामानं हात सुटू नये म्हणून. ती सगळी मी एकट्यानं गुंडाळली. वेढ्याला वेढा चिकटून. एक जरी वेढा सैल पडला तरी भाऊ परत उलगडायला लावायचे, आणि मी — सभेत कुणाचं न ऐकणारा मी — मुकाट्यानं उलगडायचो. तेवढा वेळ मला छावणी आठवायची नाही. हे लिहितानाही मान खाली जाते.

एका दुपारी भाऊ चहाला गेले होते. मी गाडीत बसलो. चाक धरलं. आणि तोंडानं आवाज काढायला लागलो — घुर्रर्र, घुर्रर्र — वळणावर अंग झुकवत! आमच्यातला विलास दारात कधी येऊन उभा राहिला, मला कळलंच नाही.

संध्याकाळच्या बैठकीत त्यानं माझी हुबेहूब नक्कल केली. "आमचा क्रांतिकारक संचालकाची मोटार चालवतो रे!" सगळे पोट धरून हसले. हो, आवडते मला ती गाडी, एवढं म्हणायला काय लागत होतं? मी म्हणालो, मी तिथं तपास करत होतो. विलासनं विचारलं, "मग काय सापडलं?" आणि माझ्या तोंडून शब्द गेला — कडबा. गाद्यांत कडबा भरतायत.

हसणं जागच्या जागी थांबलं. कुणी शंका घेतली नाही, घेणार तरी कोण? आपल्याकडं बैलगाडीत बसायचं तर खाली कडबा पसरतात, वर घोंगडी टाकतात. बुडाखाली मऊ काही असेल तर तो कडबाच, हे आम्ही सगळे जन्मापासून धरून चाललेलो. घोड्याचे केस कुणाच्या डोक्यात येणार? पत्रक मीच लिहिलं. "बैलाच्या तोंडचा कडबा मोटारीच्या गादीत!" मथळा चांगला जमला होता. मला तो आवडला होता — हेही सांगून टाकतो.

छावणीतली माणसं मोर्च्यानं शेडवर आली. मी पुढं. भाऊ गाडीच्या आडवे उभे राहिले. भ्यालेले नव्हते, उलट जोरात होते. "फाडा! कडबा निगाला तर हितं बसून मी खातो!" मग त्यांना मी दिसलो आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला, आपलं माणूस दिसल्यासारखा. "ह्यो बगा, ह्यानंच भरलंय माझ्यासंगं. पुढारी, सांग की रं ह्यांना!"

सगळे माझ्याकडं वळले.

मी हात वर केला आणि ओरडलो, "कडबाचोर — मुर्दाबाद!"

पुढचं झटकन झालं. भाऊंचीच रापी, चामडं कापायची, कुणीतरी उचलली आणि लाल गादी उभी चिरली. आतून केस बाहेर आले. काळे, पिंजलेले. पाथर्डीकडचा एक म्हातारा पुढं वाकला, त्यानं मूठभर केस घेऊन हुंगले. त्याच्या खांद्यावर दोराचं वेटोळं होतं. तो मुर्दाबाद करायला आलाच नव्हता. सापडलेला कडबा बांधून आपल्या बैलाला न्यायला आला होता. मला म्हणाला, "ह्ये तर क्यास हायती, बाळा. कडबा कुटं हाय?"

तेव्हा तरी? तेव्हा तरी बोलता आलं असतं ना?

मी म्हणालो, "रातोरात बदललाय."

ते मोर्च्याला पटलं. मी पहिल्यापेक्षा मोठा झालो. तेव्हापासून सभेत मला पहिलं बोलायला देतात. भाऊ तेव्हा माझ्याकडं नाही, चाकावरच्या दोरीकडं बघत होते.

संचालकानं गाडी ओढून पुण्याला नेली. त्याचं काही बिघडलं नाही. शेडच्या पत्र्यावर कुणी खडूनं लिहिलं — कडबाचोर. पोरं येताजाता ओरडायची. ट्रकवाले दुसरीकडं जाऊ लागले, ज्यांनी केस दिले त्या टांगेवाल्यांनीही नसती बोलणी नकोत म्हणून तोंड फिरवलं, आणि एक दिवस शेडला कुलूप दिसलं.

पुढच्या उन्हाळ्यात सुप्याच्या पलीकडं रस्त्याच्या दुष्काळी कामावर गेलो. खडी फोडणाऱ्यांना पाणी नाही, सावली नाही, असं आमचं पत्रक होतं. खरं पत्रक. रांगेनं वाटत चाललो होतो आणि पुढं भाऊ बसले होते. अंगठ्याला फडकं, हातात हातोडा. त्यांनी मला पाहिलं. मी वाट बघत राहिलो — आता म्हणतील, आज कुनाचा मुर्दाबाद?

तेवढ्यात मुकादम ओरडला, "ए कडब्या, पाटी उचल!"

आणि ते "आलो" म्हणाले. लगेच. आपल्याच नावाला द्यावी तशी ओ देऊन उठले.

मी त्यांची जागा ओलांडली आणि पत्रक पलीकडच्या बाईच्या हातात दिलं.

त्यांचं नाव रंगनाथ. गादीत घोड्याचे केस होते. कुणी काही बदललं नव्हतं.