दादाची दाढ आणि माझा सीझन

मंडळी, आत्ताच हॉस्पिटलमधून मिरकरवाड्यात घरी आलोय. जेवणाचं ताट बाजूला सारून लिहितोय.

माझा मोठा भाऊ आमच्या बोटीवर तांडेल आहे. समुद्रात बोट तो नेतो, किनाऱ्यावरचं सगळं मी बघतो. दिवाळीनंतर त्याची दाढ दुखायला लागली. मी म्हटलं, "दादा, आता मासळी बरी गावतेय. जूनमध्ये मासेमारीला बंदी लागली की काढू दाढ." आमच्याकडे सगळी दुखणी बंदीवर ढकलतात. तो लवंग धरून, गोळ्या खाऊन समुद्रात जात राहिला. पुढे गाल सुजला, तेव्हाही मी तेच म्हटलं.

आता हनुवटीखालून पू येतोय आणि तोंड धड उघडत नाही. आज डॉक्टर म्हणाले, "इन्फेक्शन जबड्याच्या हाडात गेलंय. मेलेलं हाड काढावं लागेल, मग कित्येक आठवडे अँटिबायोटिक्स." आणि जरा चिडूनच विचारलं, "इतके महिने थांबलात कशाला?"

दादा माझ्याकडे न बघता दातांतल्या दातांत म्हणाला, "मला सुईची भीती वाटते हो."

वादळातून बोट परत आणणारा माणूस हे म्हणाला, आणि मी बाजूला त्याची फाईल धरून गप्प बसलो.

परवा ऑपरेशन आहे. दादा फेसबुकवर नाही, म्हणून इथे तरी खरं लिहिता आलं. त्याच्यासमोर बसून हेच कसं बोलू, सांगाल का कुणी?