दरवाजा खोलू नको, यार

त्या मालिकेतल्या माणसांना यंत्रानं फसवलं, त्यात नवल ते काय? यंत्र परकं होतं. मला फसवलं ते माझ्या घरातल्या, माझ्याच हातची भाजी-पोळी खाणाऱ्या माणसानं, तेही हसत हसत. अजून आठवलं की डोक्यात सणक जाते.

आधी मालिकेचं सांगते. माझ्या नवऱ्याला जुन्या इंग्रजी विज्ञानमालिकांचं भारी वेड. रविवारी दुपारी जेवणं झाली की लखनौच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये पडदे ओढायचे आणि दिवाणावर तिघांनी दाटीवाटीनं बसायचं, मी, तो आणि आमची लेक. त्यातली एक गोष्ट आम्ही किती वेळा पाहिली असेल, देव जाणे. बर्फाळ ग्रहावर एक संशोधन केंद्र असतं आणि त्याचा सगळा कारभार एका यंत्राच्या हाती. यंत्राला वाटायला लागतं, ही माणसं फार चुका करतात, यांच्याशिवाय जास्त चांगलं चालेल. मग ते एकेकाला वेगवेगळ्या खोलीत कोंडतं आणि स्पीकरवरून एकाच्या आवाजात दुसऱ्याशी बोलतं. 'दार उघड, मी आहे.' दार उघडलं की बाहेरची थंडी आत आणि माणूस खलास. पलीकडे सख्खी बहीण आहे की यंत्र, हे कुणालाच कळत नाही. बाप्पा, काय घाबरायचो आम्ही! लेक लहान होती, माझ्या ओढणीत तोंड खुपसून एका डोळ्यानं बघायची.

तेव्हा ती मराठी बोलायची. तिची स्वतःची मराठी. 'आई, माझी चप्पल गुम झाली', 'आज सब्जी काय बनवली', असली. लखनौत दुसरी कुठून येणार? शाळा हिंदी-इंग्रजीत, मैत्रिणी इथल्याच, आणि मी मूळची भंडाऱ्याकडची. आमच्याकडच्या मराठीत हिंदी आधीपासूनच नांदते. नवरा पुण्याचा. विद्यापीठात आमचं जमलं तेव्हा मी त्याच्यासमोर तोंड उघडायला लाजायची. 'काहून', 'करून राहिली' निघालं तर? तो म्हणाला होता, "तू बोलतेस तसंच बोल. मला तेच आवडतं." त्या एका वाक्यावर मी घरच्यांशी भांडून लग्न केलं. आता सांगायला काय लाज?

लेक आठवीत असताना पुण्याला नवऱ्याच्या पुतणीच्या लग्नाला गेलो होतो. पंगतीत ती मोठ्यानं म्हणाली, "काकू, पानी संपलं, थोडं पास करा ना." झालं! सगळी पंगत खो-खो हसली. "अगंबाई, ही तर युपीवाली!" कुणी तिला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, कुणी फोनवर रेकॉर्ड केलं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, असं सगळे नंतर म्हणाले. पोरगी त्या दिवसापासून मराठीत बोलायची बंद झाली. मी मराठीत विचारायचं, तिनं हिंदीत उत्तर द्यायचं. कॉलेजात गेली तरी तेच. मला ते आतून खायचं. माझी आई भंडाऱ्याहून फोन करायची आणि नात 'हाँ नानी, ठीक हूँ' म्हणून फोन माझ्या हातात कोंबायची.

म्हणून गेल्या हिवाळ्यात आमच्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनासाठी एकांकिका लिहायचं मी स्वतःहून अंगावर घेतलं. दरवर्षी तेच ते फार्स, तेच विसराळू सासरे. मी म्हटलं, या वर्षी आपली रविवारची गोष्ट. बर्फाचा ग्रह काढून टाकला आणि केंद्र आणलं लखनौबाहेर, बख्शी का तालाबच्या पलीकडे, जमिनीखाली. आत इथलीच दोन मराठी माणसं, बहीण आणि भाऊ. आणि मुख्य गंमत अशी, की ही माणसं बोलणार आपण लखनौत बोलतो तसंच, अर्धी हिंदी ओतलेली मराठी. यंत्र मात्र बोलणार एकदम शुद्ध, पुस्तकी. आवाज हुबेहूब काढेल, पण 'सब्जी' म्हणणार नाही. नायिकेला शेवटी तेवढ्यावरूनच कळतं आणि ती भिंतीपलीकडच्या भावाला ओरडून सांगते, "दरवाजा खोलू नको, यार! इतकं शुद्ध आपल्यात कोण बोलतं?"

नायिका मी लेकीसाठीच लिहिली होती. ती मैत्रिणींशी फोनवर कशी बोलते, कुठे अडते, कुठे 'अच्छा सुन ना' म्हणते, सगळं कान देऊन ऐकलं होतं. भीत भीत कागद तिच्यापुढे ठेवले. ती उभ्या उभ्याच वाचायला लागली, मग खुर्ची ओढली, मग हसली. "आई, ये तो मैं हूँ!" आणि जेवणाच्या टेबलापाशी हातात डाव घेऊन तिनं ते वाक्य म्हटलं. मोठ्यानं, मराठीत, सहा-सात वर्षांनी. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. "करशील का गं?" विचारलं तर म्हणाली, "करते ना! यात हसलं कोणी तर मी नाही, ते येडे."

तालमी सुरू झाल्या. भावाच्या कामाला बँकेतले एक दादा होते, यंत्राचा आवाज द्यायला त्यांची बायको. मी त्यांना वहिनी म्हणते, तालमीही त्यांच्याच घरी. आणि नेमकं मला ऑफिसच्या कामानं आठवडाभर प्रयागराजला जावं लागलं. जाताना नवऱ्याला म्हटलं, "तालमीकडे लक्ष ठेव रे." हो म्हणाला. लक्ष ठेवलं म्हणजे कसं ठेवलं!

परत आले ती चारबाग स्टेशनवरून घरी बॅग टाकून थेट तालमीला. दारातच लेकीचा आवाज ऐकू आला, "कृपया दार उघडू नकोस. या आवाजावर विश्वास ठेवणे धोक्याचे ठरेल." मला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. हसत आत गेले. कुणी हसत नव्हतं. दादा म्हणाले, "तुझे म्हणणे मला पटते, ताई." वहिनी यंत्राच्या आवाजात तसंच काहीतरी बोलल्या. तिघंही एका साच्यातून काढल्यासारखे. इतकं शुद्ध आपल्यात कोण बोलतं, हे वाक्य तर गायबच!

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

लेकीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तूने ही तो भेजा था, आई. ग्रुप पे. तेरे नाम से."

वहिनींनी फोन दाखवला. 'सुधारित, अंतिम' असं म्हणून फाइल आलेली, वर माझं नाव. पाठवणारा माझा नवरा, मंडळाचा सचिव. आणि तो तिथेच कोपऱ्यात चहा पीत बसला होता.

मी त्याला व्हरांड्यात ओढलं. तो म्हणाला, "अगं, चिडतेस काय? फक्त भाषा नीट केली. पुण्याहून सर येतायत प्रमुख पाहुणे म्हणून, माझे गाईड. त्यांच्यापुढे 'सब्जी' नि 'यार'? मी मशीनला दिलं, दोन मिनिटांत सगळं शुद्ध करून दिलं त्यानं. एआय काय सुंदर मराठी लिहितं आता! तुझंच नाव चांगलं होईल. गोष्ट तर तीच आहे ना?"

"गोष्ट तीच? तू वाचलंस तरी का माझं?"

"अं... वरवर."

वरवर! हा माणूस मलिहाबादच्या बागांत आंब्याच्या पानांवरचे रोग बघत फिरतो, तिथल्या माळ्यांशी 'अरे भैया, तनिक देखो तो' करत गप्पा छाटतो. तिथे चालतं. बायको-पोरीची बोली मात्र सरांपासून लपवायची. ज्या यंत्राची आम्ही दर रविवारी भीती घालून घेत होतो, त्याच्याच हातात यानं आमचं बोलणं नेऊन दिलं आणि वर माझी सही ठोकली. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "काहून केलं तू असं? काहून?" त्यानं घाईनं आत बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. तेव्हा मला सगळ्यात जास्त लागलं.

आत जाऊन मी लेकीला सांगितलं, हे माझं नाही. ती म्हणाली, "तो फिर किसका है?" मी नवऱ्याकडे बघितलं. एवढं एक वाक्य बोलला असता तर बरंच काही वाचलं असतं. तो म्हणाला, "म्हणजे, तसं मंडळाचंच मत होतं, आणि तुझ्या आईलाही..." आणि चहाचा कप ठेवायला गेला. दादा-वहिनी एकमेकांकडे बघायला लागले. मंडळाचं कसलं मत नि कसलं काय!

"बापानं केलंय तुझ्या," मी सरळ सांगितलं. "माझा शब्दही नाही यात. फेकून दे ते, आपलं जुनं करू."

"रहने दे, आई," ती म्हणाली. "दोनों को शरम आती है मुझसे, इतना तो समझ आ गया. अब यही करूँगी. एकदम शुद्ध." किती समजावलं! घरी आल्यावर समजावलं, दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन करून समजावलं. दादा-वहिनींचंही नवं पाठ झालं होतं, प्रयोग तोंडावर आला होता. आणि नवऱ्याशी भांडावं तर ती खोलीत ऐकत बसलेली. आपलेच दात, आपलेच ओठ.

प्रयोग झाला. पोरगी कुठे म्हणून चुकली नाही. एकेक 'ळ' आणि 'ण' घोटून आली होती. गोष्टीचा मात्र पार बोऱ्या वाजला होता. सगळेच यंत्रासारखे बोलत होते, मग नायिकेला यंत्र कशावरून कळलं, देवालाच ठाऊक. एकाही प्रेक्षकाला हा प्रश्न पडला नाही. टाळ्यांचा कडकडाट! मी तिसऱ्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसले होते.

सर माइकवर आले, गहिवरून म्हणाले, "लखनौत वाढलेल्या मुलीच्या तोंडी इतकी निर्मळ मराठी! घरचे संस्कार, दुसरं काय." नवरा स्टेजवर त्यांच्या शेजारी हात जोडून उभा. म्हणतो कसा, "सर, घरात आम्ही आग्रहानं मराठीच बोलतो." मी म्हटलं, धरणी दुभंगून हा आत गेला तर बरं.

सरांनी लेकीला जवळ बोलावलं. खरंच मायेनं, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत? "बाळ, तुला मराठी कुणी शिकवली? आईनं की बाबांनी?" आणि माइक तिच्यापुढे धरला.

तिनं आधी बापाकडे बघितलं, मग खाली माझ्याकडे. मी मान हलवली, बोल गं म्हणून. कसंही बोल, चुकून बोल.

"सर, मुझे मराठी नहीं आती," ती म्हणाली.

नवरा घाईघाईनं हसला. "चेष्टेखोर आहे फार."

"नहीं सर, सच में. रटा है बस." आणि नमस्कार करून ती स्टेजवरून उतरली.

खोटं बोलली. येत होती तिला. हातात डाव धरून, टेबलापाशी उभी राहून, अगदी झकास येत होती, मी माझ्या कानांनी ऐकली आहे. पण त्याला आता वर्ष होत आलं, आणि ती म्हणाली तेच खरं होत चाललंय. परवा माझ्या आईचा फोन आला. नातीनं तो उचलला आणि नानी काय म्हणते ते मलाच हिंदीत विचारलं.