मेलनीने न वाचलेल्या तीन ओळी

इझाबेला डाबरे प्रार्थनेचं पुस्तक उघडून चर्चमध्ये उभी राहिली की तिची एकही ओळ कधी चुकायची नाही. एटोबिकोतल्या मराठी बायका कौतुकाने मान डोलवायच्या. पान कुठलं उघडलंय हे मात्र इझाबेलाला स्वतःलाही ठाऊक नसायचं. सात भावंडांत ती थोरली. वसईच्या वाडीत केळींना पाणी लावायला माणूस हवं म्हणून दुसरीतच तिचं शाळेतून नाव काढलं, आणि दोन वर्षांत शिकलेली अक्षरं वर्षभरात पुसून गेली. प्रार्थना तेवढ्या तोंडपाठ राहिल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात; हिने ती जन्मभर झाकून ठेवली. मुलालाही, डेस्मंडलाही, पत्ता लागू दिला नाही. खरं काय ते सासरच्यांना आणि नवऱ्याला तेवढं माहीत होतं. तो जेराल्ड २०१३ साली गेला आणि डेस्मंड आईला वसईहून परदेशी, एटोबिकोतल्या आपल्या कॉन्डो फ्लॅटमध्ये घेऊन आला.

येताना तिच्या बॅगेत स्वेटरांच्या खाली निळ्या हवाईपत्रांचा एक गठ्ठा होता. चौऱ्याहत्तर साली लग्न झालं आणि बाविसाव्या दिवशी जेराल्ड बहारीनला कामाला गेला. चार वर्षं पत्रंच काय ती यायची. धाकटी नणंद मेलनी पंधरा वर्षांची. ती ओट्यावर बसून घडाघडा वाचून दाखवायची, समोर सासूबाई, आणि दाराआड इझाबेला. पहिल्याच पत्राच्या वेळी इझाबेलाने एक गोष्ट पाहिली. खाली तीन ओळी उरल्या असताना मेलनी थांबली, तिचे कान लाल झाले, आणि तिने कागद दुमडला. वाचता येत नसलं तरी शाई दिसतेच की! पण नव्या नवरीने विचारायचं कोणाला? पत्रं तिने जपून ठेवली, आणि त्या तीन ओळी जिवाला लागून राहिल्या. पुढे जेराल्डला तरी विचारायचं. पण आज विचारू, उद्या विचारू करता करता तो गेला. आता तो नव्हता तेव्हा तर त्याच्या हातचा एकेक शब्द तिला हवा होता. डेस्मंडला वाचायला द्यायची? बापाने आईला काय लिहिलं ते मुलाच्या तोंडून ऐकायचं, या कल्पनेनेच तिने जीभ चावली.

चर्चच्या बेसमेंटमध्ये दर शनिवारी डिंका बायकांचा वर्ग भरायचा. दक्षिण सुदानच्या या बायका. बालपण लढाईत आणि छावणीत गेलेलं, शाळा कुठली? इंग्रजीच्या क्लासला गेल्या तर पेन्सिल धरण्यापासून शिकायचं, तेही परक्या भाषेत. म्हणून त्यांच्यातल्याच अबूक नावाच्या बाईने ठरवलं की आधी आपली भाषा वाचायची, आपलं बायबल वाचायचं, मग जगाचं बघू. इझाबेला तिथे चहा करायला जायची.

डेस्मंडला ते पसंत नव्हतं. "मम्मी, व्हॉलंटिअरिंग करायचं तर लायब्ररीत कर ना. मी ऑनलाइन अप्लाय करून देतो. स्नो पडतोय, त्यात बस बदलून कशाला जायचं?"

लायब्ररीत! इझाबेला बूट घालून निघाली.

अबूकची शिकवायची रीत सोपी होती. बायकांना जी प्रार्थना पाठ आहे तीच छापून पुढ्यात ठेवायची, आणि शब्द तोंडातून निघाला की बोट त्या शब्दाखाली न्यायचं. बोट पुढे पळालं, मागे राहिलं की हशा. एका शनिवारी इझाबेलाही मागच्या खुर्चीवर आपलं मराठी पुस्तक उघडून त्यांच्याबरोबर म्हणू लागली. अबूक फिरत फिरत तिच्यापाशी आली. तिला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, तरी तिने पानाच्या मध्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

इझाबेलाने मान खाली घातली.

अबूक ओरडली नाही की हळहळली नाही. ती खो खो हसली. "सिस्टर, मीही चाळीस वर्षांची होईपर्यंत अशीच वाचत होते! बस इथे पुढे." दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे एकमेकींना नीट कळायचं.

त्या हिवाळ्यात चौसष्ट वर्षांची इझाबेला डिंका बायकांच्या रांगेत बसून मराठी वाचायला शिकली. मराठी शिकवणारं कोणीच नव्हतं. पाठांतर होतं आणि बोट होतं. 'नमो मरिया' म्हणताना म सापडला. 'तुझे'मध्ये झ सापडला, तेव्हा तिला आपलं नाव हाती लागल्याचा आनंद झाला. घरी नात निकोल डोकावून जायची. "ग्रॅनी, व्हाय आर यू रीडिंग द सेम पेज एव्हरी डे?" इझाबेला म्हणायची, "अजून संपलं नाय गो."

मार्चमध्ये, घरी कोणी नसताना, तिने पहिलं पत्र काढलं. हस्ताक्षर छापील अक्षरासारखं कसं असणार? सकाळी बसली ती दुपारी शेवटच्या तीन ओळींवर आली.

'मेलनी, हे आईसमोर वाचू नकोस. वैनीला एकटीला सांग. इझाबेला, लग्नाआधी तुला कोणीच विचारलं नाही, म्हणून मी विचारतो, तुला मी आवडलो का?'

ती उठली, पाणी प्यायली आणि दुसरं पत्र घेतलं. सगळी वाचायला तिला पंधरा दिवस लागले. दुसऱ्यात होतं, 'मेलनी, वैनी काय म्हणाली?' पाचव्यात, 'तिला लाज वाटत असेल, वाट बघेन.' अकराव्यात नुसतं, 'राहू दे.' त्यानंतरच्या पत्रांत आईचं औषध, छपराची डागडुजी, पाऊस. सगळ्यांसमोर वाचता येईल असंच सगळं.

चार वर्षांनी परत आला तो माणूस अबोल होता. वाळवंटाने सुकवला, असंच ती समजत आली. कधी आवाज चढवला नाही, कधी जवळ बसून मन मोकळं केलं नाही. तिला आवडतात म्हणून बाजारातून बोरं आणायचा, आणि टेबलावर ठेवून निघून जायचा. हातात द्यायचा नाही. पस्तीस वर्षं तो नकार मिळालेल्या माणसासारखा तिच्या शेजारी राहिला, आणि तिने नकार दिलाच नव्हता! इझाबेला रडली. इतकं तर ती त्याच्या मातीलाही रडली नव्हती.

मग तिने वसईला फोन लावला. मेलनी आता स्वतःच आजी झालेली.

"वैनी, मी केवढी होते! आईसमोर वाचू नको म्हणाला, तर नाय वाचलं."

"आणि मला एकटीला?"

"मला शरम वाटली गो. म्हटलं, तो आल्यावर विचारेलच."

इझाबेलाच्या ओठावर वाईटसाईट आलं होतं. पण पंधरा वर्षांच्या पोरीवर काय ओरडायचं? तिने नातवंडांची चौकशी केली आणि फोन ठेवला.

ईस्टरनंतरच्या शनिवारी अबूकने सगळ्यांना कागद आणि पाकीट दिलं. आपल्या हाताने पहिलं पत्र लिहायचं, पोस्टात ती टाकणार. कोणाचं मायदेशी जुबाला, कोणाचं केनियातल्या छावणीला. इझाबेलाने तासभर लिहिलं, चार वेळा खोडलं.

"पत्ता?" अबूकने विचारलं.

"नाही. मेला तो."

अबूकला नवल वाटलं नाही. तिच्या वर्गात पत्ता नसलेली माणसं बऱ्याच जणींची होती. शेजारच्या अचोलचा भाऊ लहानपणी लढाईत हरवला, त्यालाच तिनेही लिहिलं होतं. "मग उभं राहून मोठ्याने वाचायचं," अबूक म्हणाली. "देव पोचवील."

इझाबेला उभी राहिली. मराठी कळणारं तिथे कोणी नव्हतं. नवऱ्याचं नाव तिने उभ्या जन्मात घेतलं नव्हतं, ते आधी वाचावं लागलं.

"जेराल्ड. तुमचा प्रश्न मला आता मिळाला. तुम्ही मला आवडलात. तेव्हाच."

बायकांनी आमेन म्हटलं. इझाबेला खाली बसली आणि अचोल आपला कागद घेऊन उठली.