साडेसात फॅटचा पिक्चर

हल्ली लोक पिक्चरला स्टार देतात. कुणाला चार, कुणाला अडीच. ऑफिसात असं काही कानावर आलं की मी मनातल्या मनात त्या स्टारचं दूध करते, कारण आमच्या घरी पिक्चरला फॅट लागायची.

वडील, म्हणजे आमचे दादा, गावच्या सहकारी दूध सोसायटीत तपासनीस होते. गाव केजपासून जीपनं अर्ध्या तासावर. लोक सकाळ-संध्याकाळ किटल्या घेऊन रांगेला लागायचे आणि दादा प्रत्येकाचं थोडं दूध नळीत घेऊन, यंत्रात फिरवून, फॅट सांगायचे. म्हशीच्या दुधाला सातच्या पुढं लागली की माणूस ताठ मानेनं घरी जायचा. पाचच्या खाली आली की लोक म्हशीकडं नाही, मालकाकडं संशयानं बघायचे. दादांचा शब्द शेवटचा. सख्ख्या भावाची किटली त्यांनी एकदा पाणी घातलंय म्हणून परत पाठवली. चुलते बरेच दिवस आमच्या दारावरून तोंड फिरवून जात होते.

रविवारी दुपारी टीव्हीवर मराठी पिक्चर लागायचा. आमचा टीव्ही काळा-पांढरा, अँटेना पत्र्यावर. चित्राला मुंग्या आल्या की मी वर चढायची, आणि खालून आई ओरडायची, "आलं, आलं, आता हलू नकू!" पिक्चर संपला की दादा डोक्याला टोपी घालत, दुधाला निघता निघता निकाल द्यायचे. "सहा." म्हणजे बरा. "चार." म्हणजे गाणीच फार, गोष्ट पातळ. हिरो उगीच रडला तर म्हणायचे, "पानी हाय."

आईला तर रडकेच पिक्चर आवडायचे. ती कंबर कसून उभी राहायची. "तुमच्या नळीत मानसाचं मन मावत न्हाई," ती म्हणायची. मी मारामारीच्या बाजूची, त्यामुळं दोघांच्याही विरोधात. जेवणाच्या ताटापर्यंत वाद चालायचा. एरवी दादा घरात मीठ मागण्यापुरते बोलत. पिक्चरवर मात्र बोलायचे, आणि आईकडं बघून बोलायचे. म्हणून मला रविवार फार आवडायचा. पिक्चर टुकार असला तर जास्तच, कारण भांडण लांबायचं.

मग सलग दुसऱ्या वर्षी पाऊस पडला नाही. विहिरी आटल्या, कडबा संपला आणि शेजारच्या माळावर जनावरांची छावणी लागली. गावातली निम्मी गडीमाणसं आपापल्या जनावरांपाशी राहायला गेली. दादाही आमची म्हैस घेऊन गेले. सोसायटीत दूध एकाच वेळेचं येऊ लागलं, तेही जेमतेम. ते तपासायला दादा पहाटे सायकलवर यायचे आणि परस्पर छावणीत परतायचे.

रविवारचा पिक्चर मी आणि आई दोघीच बघायला लागलो. संध्याकाळी भाकरी बांधून आम्ही छावणीत जायचो. दादा कोरड्यासात भाकरी चुरायचे, आई समोर बसून अख्खा पिक्चर सांगायची आणि तिच्या सांगण्यावरून दादा फॅट लावायचे. न बघितलेल्या पिक्चरची फॅट! मला तेव्हाही हे लई भारी वाटायचं. आजूबाजूच्या दावणीवरचे दोघं-तिघं कान देऊन बसायचे. आई रंगात आली की हिरॉइनचं बोलणं स्वतःच बोलून दाखवायची, आणि दादा खाली मान घालून हसायचे.

अशाच एका रविवारी दादांनी सांगून टाकलं, "हा बाजार जाऊ दे, पुढच्या बाजारात म्हैस काढून टाकतो."

"कावून?" आई म्हणाली.

"उसाच्या शेंड्याचं वाडं खाऊन खाऊन तोंड सोललंय तिचं. गाभण जनावर, हितंच बसलं तर उठायचं न्हाई. व्यापारी बघून गेलाय."

ही म्हैस आईला माहेराहून, घाटनांदूरहून आलेली. आली तेव्हा एवढीशी वगार होती. आईनं तिला आपल्या हातांनी वाढवलं होतं. शिवाय सगळ्या गावाला कळत होतं की तपासनिसानंच म्हैस विकली, तर बाकीचेही दावी सोडतील आणि सोसायटीला कुलूप लागेल. पण जनावराच्या खरेदी-विक्रीत बाईनं बोलायचं नाही अशी आमच्याकडची रीत. आई एवढंच म्हणाली, "तुमी म्हनाल तसं." येताना ती वाटभर माझ्या पुढं झपाझप चालत होती. मी दोनदा विचारलं, तर म्हणाली, "गप चाल माय."

पुढचा रविवार आला. बाजार दोन दिवसांवर. त्या दिवशी नेमका जुन्या काळातला असा पिक्चर लागला, की त्यातला शेतकरी दुष्काळात आपली गाय विकायला बाजारात नेतो. आई पापणी न हलवता बघत होती. बाजारात गिऱ्हाईक आलं, शेतकऱ्यानं दाव्याला हात घातला, आणि लाईट गेली. लोडशेडिंगला ना वेळ ना काळ. आम्ही अंधारलेल्या काचेसमोर बराच वेळ बसून राहिलो. शेवटी आई उठली आणि भाकरी थापायला लागली.

छावणीत पोचलो तर पाण्याच्या हौदाशी ही गर्दी. मोटार दुपारपासून बंद पडलेली, हौद अर्धा, आणि बादल्या घेतलेले लोक खोळंबलेले. दादा तिथूनच आले, हात धुऊन जेवायला बसले. म्हणाले, "सांग."

आईनं पिक्चर सांगितला. बाजार आला, गिऱ्हाईक आलं, दाव्याला हात घातला. मी वाट बघत होते की आता ती म्हणेल, लाईट गेली.

"आन् तेवढ्यात," आई म्हणाली, "त्याची बायकू आली बाजारात."

मी तोंड उघडलं. आईनं मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

"एकलीच?" दादांनी विचारलं.

"एकलीच. जीपनं."

"त्या काळात जीप?"

"आसंल एखादी," आई म्हणाली. "तिनं त्याच्या हातातलं दावं घेतलं. म्हनली, जगलो तर संगं जगू, ही बी आपल्यातच हाय. आन् घरी घेऊन आली. पुढं गाय याली, पोराबाळांनी खरवस खाल्ला. संपला पिक्चर."

दादा भाकरी चावत राहिले. मग पाणी प्यायले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "साडेसात."

इतकी फॅट त्यांनी कधीच कुठल्या पिक्चरला दिली नव्हती.

म्हैस बाजारात गेली नाही. छावणी उठायच्या आधीच ती व्याली, आणि खरवस आम्ही खरोखरच खाल्ला, वाटीला बोट लावून लावून. सोसायटी रडतखडत का होईना, चालू राहिली.

गेल्या दिवाळीला गावी गेले तेव्हा तो पिक्चर मला मोबाइलवर सापडला. मी तो मोठ्या टीव्हीला जोडून लावला. आता घरात इन्व्हर्टर आहे, त्यामुळं पळवाट नव्हती. बाजार जवळ आला तशी आई उठली, म्हणाली चहा ठेवते. खऱ्या पिक्चरमध्ये बायको येत नाही. गाय विकली जाते, आणि शेतकरी नुसतं दावं खांद्यावर टाकून घरी येतो.

दादांनी शेवटपर्यंत बघितलं. मग स्वयंपाकघराकडं हाक मारली, "आगं ए, भेसळ केलतीस की तू!"

आई पदराला हात पुसत दारात आली. इतक्या वर्षांनीही तिला नेमकं काय ते कळलं. "पानी न्हाई घातलं," ती म्हणाली, "साय घातलती."

मला हसू आवरेना. म्हटलं, "दादा, जन्मभर तुम्ही कुणाची भेसळ सोडली नाही, आणि आईनं फसवलं तुम्हाला."

"फसवतीय कसली," दादा म्हणाले. "गावाची आन् छावणीची लाईन एकच. तुमचा टीवी बंद पडला तवाच छावणीतली मोटार बंद पडलती. शेवट बघितलाच न्हाई हिनं, हे मला ती यायच्या आदीच ठावं व्हतं."

आई उंबऱ्यातच खाली बसली. "मग साडेसात कावून दिली वं?"

दादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तुला म्हैस ठिवायची व्हती," ते म्हणाले, "पर तू तोंडानं म्हनत नव्हतीस."